काढून ठेवणे, काढून टाकणे

सावकाशराव,

तुमच्यावर लिहायला बसले आहे. नाक मुरडू नका. "माझ्यात काय लिहिण्यासारखं आहे, बाई?" असं तुम्ही म्हणणार आणि म्हणताना शर्टाच्या टोकाने चष्मा पुसणार, हे मला इथे बसून दिसतंय. उगाच कुणाचं कौतुक करत बसायची मला सवय नाही, हे तुम्हाला नऊ वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. एक, तुमचं खरं नाव मी घालणार नाही. ते हजेरीपटावर होतं तेवढं पुरे. दुसरी, या हकिकतीत मी सारखी येते, आणि "मी, मी" लिहायला लागलं की माणूस स्वतःची वकिली सुरू करतो. म्हणून तिथे "बाई" असं लिहिते. कुठे चुकलं तर दुरुस्त करा. दुरुस्ती हा तुमचाच धंदा.

तर, कृत्रिम पाय तयार करणाऱ्या त्या केंद्रात तीन कॉम्प्युटर होते आणि तिघांचा वैद्य एकच होता. एक कॉम्प्युटर बाईंच्या टेबलावर, एक दवाखान्याच्या खोलीत, आणि तिसरा, सगळ्यांत महत्त्वाचा, काचेच्या केबिनमध्ये कोरणी यंत्राला जोडलेला. पेशंटच्या उरलेल्या पायाचं माप त्यात भरलं, की शेजारचं यंत्र फोमच्या ठोकळ्यातून बरोब्बर त्या आकाराचा साचा कोरून काढायचं. अकरा वर्षांतल्या चार हजारांवर पायांची मापं त्या एका पेटीत होती. प्लास्टरची पांढरी धूळ साऱ्या इमारतीत भरलेली, आणि ती माणसांच्या भुवयांवर बसते तशी कॉम्प्युटरच्या पंख्यांतही बसायची. सावकाश दर सोमवारी येऊन ती रंगाऱ्याच्या ब्रशने झाडायचा, बाळाच्या कानातला मळ काढावा इतक्या हळू.

हे नाव त्याला बाईंनीच दिलं. बाई म्हणजे केंद्राच्या चिटणीस. एकतीस वर्षं कॉलेजात व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्तीनंतर घरी बसवत नाही म्हणून इथे येऊन बसलेल्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "जरा लवकर आटपा हो."

"सावकाश, बाई. घाईने उघडलेलं मशीन बंद करताना एक स्क्रू जास्त उरतो."

"मग तो तुमच्याच डोक्यात बसवा, तिथे एक ढिला दिसतोय," बाई म्हणाल्या. तो इतका मनापासून हसला की बाईंचा पुढचा टोमणा तोंडातच राहिला. तेव्हापासून तो सावकाश. प्लास्टरवाले, पेशंट, वॉचमन, सगळेच म्हणायला लागले. स्वतः फोन उचलताना "बोला, सावकाश बोलतोय" म्हणायचा, आणि पलीकडचा माणूस "नाही हो, नेहमीच्या वेगाने बोला" म्हणायचा.

तो इथे आला तो बायकोबरोबर. बसच्या अपघातात तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. नव्या पायाची फिटिंग चालली असताना केबिनमधला कॉम्प्युटर अडकला आणि सगळे हात टेकून उभे राहिले. बाकावर बसलेला हा सडपातळ माणूस उठून विचारतो, "मी बघू का?" त्याने तो सुरू करून दिला, आणि केंद्राने त्याला कामावर ठेवून घेतलं. धंद्याने तो रेडिओ मेकॅनिक. रेडिओ गेले, टीव्ही आले, टीव्हीही लोक दुरुस्त करेनासे झाले, तेव्हा चाळिशीत भंगारातला एक कॉम्प्युटर घेऊन तो घरी उघडून बसला. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आता या वयात पाटी-पेन्सिल?" दाजींनी शब्दकोश शेजारी ठेवून माहितीपुस्तक वाचून काढलं, दिवसाला दोन पानं. दीड वर्षाने तोच मेव्हणा आपला लॅपटॉप बगलेत मारून दारात उभा होता.

त्याची काम करायची तऱ्हा बघण्यासारखी होती. एका कोऱ्या कागदावर तो पेटीचं चित्र काढायचा, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या चित्रात त्याच्या जागी ठेवायचा. आणि कुठल्याही मोठ्या कामाआधी पेन्सिलीने एक चिठ्ठी लिहून पडद्याच्या कडेला चिकटवायचा: पुसणे. उघडणे. बदलणे. तपासणे. एकही वाक्य पुरं नाही.

"अहो, या वाक्यांत कर्ता कुठाय?" बाई विचारायच्या.

"कर्ता मीच की, बाई. दुसरं कोण हात लावतंय?"

आता त्या मंगळवाराकडे येते. तिकडे जायला मला आवडत नाही, म्हणून भरभर जाते.

केबिनमधल्या कॉम्प्युटरात दोन डिस्क होत्या, दोघींवर तेच ते लिहिलेलं, म्हणजे एक गेली तर दुसरी तारेल. त्या दोघींना सांभाळणारं एक कार्ड होतं. स्टोरेज कंट्रोलर म्हणतात त्याला, आणि कॉम्प्युटरला ते ओळखू यावं म्हणून जो छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर. ते म्हातारं झालं होतं. मधूनच सगळं गोठायचं आणि यंत्र अर्धी पोटरी कोरून थांबायचं. नवीन कार्ड आलं. शनिवारीच सावकाशने चिठ्ठी लावली:

१. मापांची प्रत काढणे.
२. कंट्रोलरचा ड्रायव्हर काढणे.
३. जुने कार्ड काढणे.
४. नवीन लावणे.

पहिल्या ओळीपुढे बरोबरची खूण होती, ते काम सोमवारी झालं होतं. बाकीचं मंगळवारी सकाळी करायचं ठरलं होतं. सकाळी साडेअकराला त्याचा फोन आला.

"बाई, आईच्या डोळ्याची पट्टी आज सुटायचीय, आणि डॉक्टरांचा अजून पत्ता नाही. दोनपर्यंत पोचतो. तोवर ते मशीन तसंच असू द्या."

"दोन? इथे बाकावर आठ माणसं बसलीत!"

"त्यांना चहा पाजा. दोनला आलोच."

आठांतला एक शिंपी होता. कपड्यांच्या कारखान्यात पायमशीनवर काम करणारा, तीन गाड्या बदलून आलेला. "आज होईल ना, बाई? सोमवारपासून हजर व्हा म्हणालेत." हे तो तिसऱ्यांदा विचारत होता. तेवढ्यात अध्यक्ष डोकावले. अध्यक्ष म्हणजे लाकडाच्या वखारीचे मालक, माणूस वाईट नाही, पण घरातली सून किती हुशार आहे हे सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. "बंद का मशीन? सावकाशची वाट बघताय? आमच्या सूनबाई असत्या तर चुटकीसरशी केलं असतं. तुम्हीही आता किती दिवस ओढणार, बाई? या वयात हे कॉम्प्युटर-बिम्प्युटर..." आणि हसत निघून गेले.

बाईंच्या डोक्याची शीर उडायला लागली. त्या केबिनमध्ये गेल्या. चिठ्ठी वाचली. दुसरी ओळ तर खुर्चीत बसून करण्यासारखी होती. सावकाशने ती यादी उघडलेली त्यांनी पन्नास वेळा पाहिली होती. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, उपकरणांची यादी उघडली, कंट्रोलरचं नाव शोधलं, उजवी कळ दाबली. काढायचं का? हो. त्याच्या फायलीही पुसून टाकायच्या का? कामात अर्धवटपणा बाईंना खपत नाही, त्यांनी तिथेही खूण केली. बंद करून पुन्हा चालू करायचं का? हो, हो, हो.

पडदा निळा झाला. वर एक रडका चेहरा, खाली दोन ओळी: ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं, ती सापडत नाही. बाईंनी बटण दाबून बंद केलं, पुन्हा चालू केलं. रडका चेहरा. तिसऱ्यांदाही तोच.

एकतीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या बाईला तेव्हा चिठ्ठी पुन्हा वाचावीशी वाटली. प्रत काढणे म्हणजे उतरवून घेणे. जुनं कार्ड काढणे म्हणजे उपटून बाजूला करणे. मधली ओळ या दोहोंतली कुठली? तिचा अर्थ वरची ओळ सांगत होती, खालची नव्हे. ड्रायव्हरसुद्धा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचा होता, अडीअडचणीला जवळ असावा म्हणून. काढून ठेवायचा होता. बाईंनी काढून टाकला.

सावकाश दोनला दहा मिनिटं असताना आला. पडदा बघून त्याने चष्मा पुसला.

"काय झालं?"

"मला काय माहीत? मी फक्त चालू केलं."

"फक्त चालू केलं?"

"मग काय, हातोडा घेतला होता मी?"

हे बाई बोलल्या. शब्द न शब्द हेच बोलल्या.

तो खुर्चीत बसला. पेनड्राइव्ह लावून त्याने कॉम्प्युटर कसाबसा उठवला. हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि दोन बोटांनी टकटक करत डिस्कची यादी मागितली. यादी रिकामी आली. दारात शिंपी कुबड्यांवर उभा होता. "गेलं का सगळं?" त्याने घाबरून विचारलं.

"नाही हो. कोठारात माल जागच्या जागी आहे. फक्त कोठाराची वाट ठाऊक असलेला जो एक माणूस होता, त्यालाच घालवून दिलंय. आता मालक दारात उभा राहून म्हणतोय, कोठारच नाही."

"मग त्या माणसाला परत बोलवा की."

"तेच. तो कुठे राहतो ते शोधायचंय," सावकाश म्हणाला. हे बोलताना त्याने बाईंकडे पाहिलं नाही.

मापांची प्रत हाताशी होती, पण मापं कोरून घेणारी सगळी व्यवस्था त्या दोन डिस्कवरच होती आणि ती करून देणारी कंपनी केव्हाच गुंडाळली गेली होती. डिस्क उघडल्या नाहीत तर ते कोरणी यंत्र म्हणजे काचेच्या केबिनमधलं भंगार. अध्यक्ष पाच वाजता आले, त्यांनी हे ऐकलं, आणि पडद्याच्या कडेची चिठ्ठी उचकटून हातात घेतली.

"ड्रायव्हर काढणे. हे तुझंच अक्षर ना रे?"

"हो, साहेब."

"आणि ड्रायव्हर निघालाय म्हणून हे बंद पडलंय?"

"हो."

"मग काढला कोणी?"

बाई टेबलापाशी उभ्या राहून नोंदवही चाळत होत्या. ती उलटी धरलेली होती, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

"चिठ्ठी माझ्या हातची आहे, साहेब," सावकाश म्हणाला. "नीट लिहायला हवी होती."

बघा, खोटं अक्षर त्याने एक काढलं नाही. आणि बाईंना वाचवायचं तेवढं वाचवलं.

बुधवार शोधाशोधीत गेला. सावकाशला रिकामी खोकी, तो येण्याआधीचीसुद्धा, जपून ठेवायची सवय होती; माळ्यावर ती रचलेली असायची आणि त्यावरून प्लास्टरवाले त्याला "खोक्यांचा संग्रहालयवाला" म्हणायचे. दुपारी चारला त्याला अकरा वर्षांपूर्वीच्या त्या कार्डाचं खोकं सापडलं, आत ड्रायव्हरच्या चकतीसकट, म्हणजे सीडीसकट. चकती वाचणारा कॉम्प्युटर केंद्रात राहिला नव्हता. तो घरून आपला जुना कॉम्प्युटर मांडीवर घेऊन गुरुवारी सकाळी बसने आला. चकतीवरचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवला. मग काळ्या खिडकीतून आधी तो नुसता हाकेपुरता जागा केला, आणि पुन्हा यादी मागितली. दोन्ही डिस्क समोर उभ्या! मग तोच ड्रायव्हर डिस्कवर झोपलेल्या विंडोजच्या आत कायमचा बसवला, दोनदा तपासला, पेनड्राइव्ह काढून घेतला आणि बटणावर बोट ठेवून तो थांबला.

"दाबा की हो!" बाईंच्याने राहवेना.

सव्वाबाराला कॉम्प्युटर सुरू झाला. प्लास्टरवाल्यांनी पांढऱ्या हातांनी टाळ्या वाजवल्या, धुळीचा ढग उठला. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी पुन्हा वर आला, कारण सावकाशने एक यादी उघडली होती. कॉम्प्युटरने स्वतःच ठेवलेल्या नोंदींची. तो बोटाने ओळी खाली सरकवत गेला आणि एका ओळीवर थांबला. मंगळवार, अकरा वाजून बावन्न मिनिटं. ड्रायव्हर काढून टाकला. फायली पुसल्या. खाली नाव होतं ते बाईंच्या खात्याचं.

बाईंनीही ती ओळ वाचली.

"सगळं लिहून ठेवतं हे," तो म्हणाला. "वेळसुद्धा. पण कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही." आणि ती खिडकी त्याने बंद केली.

तेव्हा बोलता आलं असतं. केबिनमध्ये दोघंच होती. बाई म्हणाल्या, "चहा सांगू का?"

शिंपी मंगळवारी संध्याकाळीच परत गेला होता. त्याचा पाय शुक्रवारी कोरला, पुढच्या आठवड्यात त्याने तो नेला. तोपर्यंत त्याच्या मशीनवर दुसरा माणूस बसला होता. हे त्यानेच सांगितलं, तक्रार म्हणून नाही, पट्टे आवळता आवळता सहज.

शनिवारी समितीची सभा झाली. अध्यक्ष म्हणाले, असला निष्काळजीपणा परवडणारा नाही. सूनबाईंच्या ओळखीचा एक मुलगा आहे, तो महिन्यातून एकदा येऊन बघेल. कुणी हरकत घेतली नाही. इतिवृत्त लिहायचं काम चिटणिसांचं. बाईंनी लिहिलं: "ड्रायव्हर काढला गेल्यामुळे यंत्र तीन दिवस बंद राहिले." काढला गेल्यामुळे! विद्यार्थ्यांनी असं लिहिलं की बाई लाल शाईने विचारायच्या, कोणाकडून?

"बाई, तुम्हाला काही बोलायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

बोलायचं म्हणजे काय, तर टेबल सोडायचं. दुसऱ्या दिवशी सूनबाई त्या खुर्चीत, आणि बाई घरी, दोन खोल्यांत, सकाळी दहा वाजता करायला काही नसलेल्या. बाईंनी हा हिशेब एका श्वासात केला.

"नाही," त्या म्हणाल्या.

सावकाशला कामावरून काढलं. निरोप द्यायलाही बाईंनीच फोन केला. तो म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "पंख्यांची धूळ मात्र दर सोमवारी काढायला सांगा. महिन्याने चालणार नाही."

दोन महिन्यांनी त्याची बायको पायाचे पट्टे बदलायला आली. कपड्यांना इस्त्री करायचं काम ती घरी करते. दिवसभर उभी असते, त्यामुळे पट्टे लवकर झिजतात. काम झाल्यावर ती बाईंच्या टेबलाशी येऊन बसली.

"कसे आहेत?" बाईंनी विचारलं.

"आहेत. घरातलं घड्याळ तीनदा उघडून झालं. आता माझी इस्त्री उघडायला बसले होते, मी म्हटलं, तिला हात लावलात तर बघा." ती हसली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तंत्रशाळेत प्रयोगशाळेसाठी माणूस पाहिजे. त्यांनी अर्ज केलाय. तिथले म्हणतात, आधीच्या ठिकाणाहून पत्र आणा, का सोडलं त्याचं. हे म्हणाले, साहेबांचं नको, बाईंचं आण. बाई दोन ओळी लिहितील, पण बरोबर लिहितील."

"असं म्हणाले?"

"हो. शनिवारी बारापर्यंत पोचायला हवं म्हणे."

"मी स्वतः नेऊन देते," बाई म्हणाल्या. "सांगा त्यांना, काळजी करू नका."

तिला सगळं ठाऊक होतं की नव्हतं, हे बाईंना आजतागायत कळलेलं नाही. जाताना ती जिन्याच्या कठड्याला हात न लावता उतरली, नवे पट्टे छान बसले होते.

बाईंनी बुधवारी पत्र लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात ड्रायव्हर "काढला गेला" होता. तो फाडला. दुसऱ्यात "काही गैरसमजातून" काहीतरी "घडले" होते. तोही फाडला. शुक्रवारी दुपारी तिसरा लिहिला, पाच ओळींचा. "ड्रायव्हर मी काढून टाकला. त्यांच्या चिठ्ठीचा अर्थ तो काढून ठेवणे असा होता, मी चुकीचे वाचले. नंतर मी गप्प राहिले. यंत्र त्यांनी परत सुरू केले. असा माणूस तुम्हाला मिळणार नाही." खाली सही केली. शिक्का मारला. व्याकरणात एक चूक नव्हती.

तंत्रशाळेचे मुख्याध्यापक रोज संध्याकाळी अध्यक्षांबरोबर फिरायला जात, हे बाईंना पाकिटाला गोंद लावताना आठवलं.

शनिवारी सकाळी त्या वेळेवर केंद्रात आल्या. अकराला पाकीट पिशवीत घातलं. सव्वाअकराला दवाखान्याच्या खोलीतून एक फाइल मागायला कुणी आलं, ती दिली. साडेअकराला त्या पिशवी घेऊन दारापर्यंत गेल्या, आणि जुन्या पेशंटांची कपाटातली कार्डं किती विस्कटलीत ते दिसलं, म्हणून ती लावायला बसल्या. वर्षांप्रमाणे, मग आडनावांप्रमाणे. तंत्रशाळा पलीकडच्या रस्त्यावर, चालत दहा मिनिटांवर. बारा वाजून गेले तेव्हा बाई तिसऱ्या खणावर होत्या, आणि पाकीट पिशवीतच होतं.